दोन जीबीत भागवा

आमचा लॅपटॉप बंद पडत नाही, हीच त्याची खरी अडचण आहे. बंद पडला असता तर भंगारात गेला असता, दोन दिवस हळहळ वाटली असती आणि बायकोने त्या जागी मनीप्लँट ठेवला असता. पण तो चालतो. बटण दाबलं की दिवा लागतो, पडद्यावर कंपनीचं नाव येतं, मग ठिपके गोल गोल फिरू लागतात. ते फिरत असताना घरातली कामं उरकायची आम्हाला सवय झाली आहे. कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला पासवर्डची चौकट येते, चौथ्या शिट्टीला डेस्कटॉप दिसतो आणि त्यावरची एखादी फाइल उघडेपर्यंत वरणाला फोडणी बसलेली असते.

दहाएक वर्षांपूर्वी दिवाळीच्या सेलमध्ये तो घेतला. विकणाऱ्या मुलाने "काका, चार कोअर आहेत," असं सांगितलं होतं. कोअर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण चार म्हटल्यावर बरं वाटलं. रॅम २ जीबी, आतली जागा ३२ जीबी, आणि प्रोसेसर मुळात टॅब्लेटसाठी घडवलेला. टॅब्लेटला कीबोर्ड चिकटवून त्याला लॅपटॉप म्हणायचं, असा तो काळ होता. रॅम वाढवावी म्हणून मी तो बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात नेला. दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि काही न बोलता परत लावलं.

"काका, रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. वाढत नाही."

"मग काय करू?"

"भागवा."

मी भागवत होतो. पण मागच्या वर्षी बातमी आली की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपणार. पुढे जायचं तर विंडोज ११. त्याची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. माझ्याकडे दोन्ही गोष्टी बरोबर निम्म्या. एसटीत ज्येष्ठांना अर्धं तिकीट चालतं. इथे तशी सोय नव्हती.

याच सुमाराला मी आमच्या सोसायटीचा ट्रेझरर झालेलो होतो. झालो म्हणजे काय, त्या सभेला मी उशिरा पोचलो. वेळेवर आलेल्यांनी तोवर निवडणूक उरकली होती. मेंटेनन्सच्या पावत्या, सिंकिंग फंड, लिफ्टचा वार्षिक करार, उन्हाळ्यातल्या टँकरची बिलं, या सगळ्याचा ताळेबंद सप्टेंबरअखेरच्या आत सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा होता, आणि तो ठेवायचा होता या लॅपटॉपावर करून.

"मामा, लिनक्स टाक," भाचा म्हणाला. तो हिंजवडीत असतो आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. "फुकट आहे आणि हलकं असतं."

"किती हलकं?"

"तुला किती हलकं पाहिजे?"

ताळेबंदाचं काम खरं तर या प्रश्नापाशीच संपलं.

१९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं. फार मोठं काही होणार नाही, असंही बजावलं. त्याचा तो छंद म्हणजेच लिनक्स, आणि तो आज जगभरच्या सर्व्हरांवर आणि बहुतेकांच्या खिशातल्या अँड्रॉइडमध्ये बसला आहे. त्याचा गाभा सगळ्यांना खुला असल्यामुळे ज्याला जसं सुचेल तसं त्याने त्याभोवती आपलं घर बांधलं. अशा घरांना डिस्ट्रो म्हणतात. त्या शेकडो आहेत. प्रत्येकीचा दावा एकच: आम्ही हलके.

हलकं होणे या विषयात महाराष्ट्राला दांडगा अनुभव आहे. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे आणि दर दोन तासांनी खा म्हणणारे, असे दोन पंथ आपण एकाच घरात, एकाच डायनिंग टेबलावर नांदवले आहेत. लिनक्सवाल्यांचं तसंच. कोणी म्हणतो डेस्कटॉपच सोडा, नुसत्या विंडो मॅनेजरवर राहा. कोणी म्हणतो एक्सएफसीई घ्या पण रात्रीच्या वेळी ॲनिमेशन टाळा. कोणी एलएक्सक्यूटीवर आल्यापासून त्याला कसं टवटवीत वाटतं ते सांगतो. आणि दोन्हीकडे सांगणाऱ्याचं स्वतःचं वजन विचारायचं नसतं. मला २ जीबीत भागवायचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाकडे १६ जीबीचा लॅपटॉप होता.

भाचा आर्च नावाची डिस्ट्रो वापरतो. आर्च वापरणाऱ्याला ते विचारावं लागत नाही. तो जोडे काढतानाच सांगतो. आर्चमध्ये म्हणे आधी काहीच नसतं, लागेल ते आपण स्वतः बसवायचं. "अरे, मला ताळेबंद करायचाय," मी म्हणालो. "मग ताळेबंद शिकायला मिळेल की," तो म्हणाला. मी कॉमर्सचा पदवीधर आहे.

तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका डेबियनचे. त्यांना स्थिर गोष्टी आवडतात. त्यांच्या फिक्स डिपॉझिटाही तशाच आहेत. बी विंगमधल्या एका माजी सरकारी अभियंत्यांचा आग्रह बॉस लिनक्सचा. "आपल्या सी-डॅकचं आहे, पुण्याचं!" असं ते छाती काढून म्हणाले. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात असलं तरी बॉस चेन्नई केंद्राचं काम आहे, शिवाय तेही आतून डेबियनच, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांची सकाळ चांगली चालली होती.

माझ्याकडे उबुंटूच्या जुन्या सीडीही निघाल्या. एके काळी मागणी नोंदवली की ते लोक जगात कुठेही फुकट सीडी घरपोच पाठवत, २०११ पर्यंत ते चाललं. मी तेव्हा पुष्कळ मागवल्या होत्या, कारण फुकट होत्या. आता त्या बाल्कनीत कबुतरं घाबरवायला टांगल्या आहेत. कबुतरं घाबरत नाहीत, पण तसं पाहिलं तर सीडी कधी लॅपटॉपातही गेल्या नव्हत्या.

डिस्ट्रो पसंत करायची तर आधी ती पेन ड्राइव्हवर चढवायची, तिथूनच लॅपटॉप सुरू करायचा आणि वापरून पाहायची. आवडली तर बसवायची, नाही तर पुढची. यासाठी घरातला मोठा पेन ड्राइव्ह घेतला. त्यात मेव्हण्याच्या वास्तुशांतीचे फोटो होते.

होते.

पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायचं तर लॅपटॉप उठता उठता नेमकं बटण दाबावं लागतं. ते कुठलं, यावर एकमत नाही. कोणी एफ टू सांगतो, कोणी एफ ट्वेल्व्ह, कोणी एस्केप, कोणी डिलीट. आणि दाबायची वेळ अर्ध्या सेकंदाची. मी दोन्ही हातांनी सगळी एकदमच दाबू लागलो. "अहो, हळू, खालचे झोपलेत," बायको आतून म्हणाली. शेवटी योग्य पान उघडलं, पेन ड्राइव्ह निवडला आणि पडदा काळा झाला. काळाच राहिला.

भाच्याने निदान केलं. माझा प्रोसेसर ६४ बिटचा आहे, पण त्याला उठवणारं फर्मवेअर ३२ बिटचं. त्या काळातल्या स्वस्त यंत्रांत असं सर्रास असे. म्हणजे आतला माणूस शिकलेला, पण दारावरचा वॉचमन ६४ बिटची पत्रिका घेऊन आलेल्या पाहुण्याला फाटकावरूनच परत पाठवतो. आणि पाहुणे बहुतेक सगळे ६४ बिटचेच. ३२ बिटची सोय मोठ्या डिस्ट्रो एकेक करून बंद करत आलेल्या. डेबियननेही ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिटचा इन्स्टॉलर काढून टाकला. वॉचमनची समजूत घालायच्या युक्त्या आहेत. त्या सगळ्या मी शिकलो. ताळेबंदाच्या फाइलला मात्र अजून नावही दिलं नव्हतं.

"किती झालं हिशेबाचं?" चेअरमन साहेबांनी लिफ्टमध्ये विचारलं.

"पाया घालतोय."

"आपल्याकडे बांधकाम खातं काढलंय का?" ते दचकून म्हणाले.

घरातही गैरसमज झालाच. मी जेवणाच्या टेबलावर एक कागद विसरलो होतो. लिनक्स मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं देतात, ए या अक्षराने संपणारी. तर कागदावर माझ्या अक्षरात असं होतं: "व्हेरा की व्हिक्टोरिया? विल्मा देखणी, दोनात भागवते म्हणतात, पण चार असतील तरच सुखी राहील. शियाबद्दल भाच्याला विचारणे."

बायकोने कागद समोर ठेवला. काही बोलली नाही. न बोलण्याच्या बाबतीत तिची प्रोसेसिंग क्षमता प्रचंड आहे. मी समजावलं. विषय बदलावा म्हणून डेबियनचं सांगितलं, की १९९३ मध्ये इयान मरडॉकने ती सुरू केली तेव्हा आपल्या मैत्रिणीचं, डेब्राचं, नाव आधी घातलं आणि मागे स्वतःचं जोडलं. पुढे लग्न झालं. किती छान, नाही का?

"मग?"

"पुढे घटस्फोट झाला. पण नाव तेच आहे."

"माझं नाव त्या डबड्याला द्यायचं नाही," ती म्हणाली. तसा माझा विचारही नव्हता, पण आता तो डोक्यात आला.

मोठ्या डिस्ट्रो परवडेनात म्हणून मी अधिकाधिक खाली उतरत गेलो. पपी लिनक्स ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये आणलं. ते सगळंच्या सगळं रॅममध्ये जाऊन बसतं, त्यामुळे जुनं यंत्रही चपळ होतं. बोधचिन्ह कुत्र्याचं. त्याच्या जुन्या आवृत्त्या तर सुरू झाल्या की भुंकतात. मी आपला हौसेने जुनी आवृत्ती घेतली, कारण जुनी म्हणजे आणखी हलकी. रात्री साडेबाराला आमच्या बेडरूममधून भुंकण्याचा आवाज आला. सोसायटीत भटक्या कुत्र्यांवरून आधीच दोन तट आहेत. सकाळी ग्रुपवर "ए विंगमध्ये कोणी परवानगी न घेता प्राणी पाळला आहे का?" अशी पृच्छा झाली. त्याखाली निरनिराळ्या रंगांच्या अंगठ्यांची रांग लागली. त्यात मीही एक अंगठा दिला.

पण पपीवर काम खरंच वेगात झालं. एका बैठकीत मी एप्रिल ते ऑगस्टच्या पावत्या भरल्या. बंद करताना त्याने विचारलं, हे सगळं जपून ठेवू का? आपल्याकडे पहिल्यांदा "नको, नको" म्हणायची रीत आहे. समोरच्याने आग्रह करायचा, मग आपण "बरं, अर्धीच वाटी" म्हणायचं. मी सवयीने "नको" दाबलं. ऑस्ट्रेलियन माणसाची रचना. त्याला आग्रहाची कल्पना नाही. एप्रिल ते ऑगस्ट गेले.

मग टायनी कोअर. विंडो, मेनू सगळं मिळून पंचविसेक एमबी. आमच्या ग्रुपवर रोज येणाऱ्या सुप्रभातच्या एका व्हिडिओत ते अख्खं मावेल. पण त्यात वाय-फायची व्यवस्थाही मुळात नसते. ती इंटरनेटवरून उतरवून घ्यायची असते. इंटरनेटसाठी वाय-फाय लागतं. या वाक्याभोवती मी एक पूर्ण शनिवार फिरलो. डॅम स्मॉल लिनक्सही पाहिलं. ते एके काळी ५० एमबीच्या आत राहायचं व्रत पाळत असे, व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीवर मावावं म्हणून. मध्ये बरीच वर्षं गायब झालं आणि २०२४ मध्ये परतलं, तेव्हा मर्यादा ७०० एमबी. मला ते एकदम घरचंच माणूस वाटलं. माझीही कॉलेजातली पँट आहे अजून कपाटात.

ग्रीसमधून येणारं अँटीएक्स मात्र मनात भरलं. ३२ बिटलाही ते दार उघडं ठेवतं आणि २ जीबीत ऐसपैस बसतं. फक्त ते स्वतःला उघडपणे फॅसिझमविरोधी म्हणवतं आणि आवृत्त्यांना कार्यकर्त्यांची, चळवळींची नावं देतं. हे ऐकून सेक्रेटरी गंभीर झाले. "सोसायटीच्या हिशेबात राजकारण नको," ते म्हणाले. "उद्या कोणी म्हणेल, थकबाकी माफ करा."

थकबाकीवरून आठवलं. एका अतिहलक्या डिस्ट्रोत देवनागरीचा फाँटच नव्हता. मी थकबाकीदारांची यादी उघडली तर नावांच्या जागी नुसते चौकोन. चौकोन चौकोन, बी-४०२, रुपये अठरा हजार. मला वाटतं, आमच्या सोसायटीत इतकी निःपक्षपाती यादी आजवर झालेली नव्हती. मी ती तशीच नोटीस बोर्डावर लावणार होतो, पण फ्लॅट नंबर दिसत होते. मग रेड हॅटने खुले केलेले लोहित फाँट बसवले आणि भांडणं पूर्ववत सुरू झाली.

एवढं सगळं जुळल्यावर लॅपटॉप मध्येच गोठायला लागला. पडद्यावर बाण जिथे असेल तिथेच उभा. भाच्याने पुन्हा निदान केलं: प्रोसेसरांच्या या पिढीचा हा नामांकित विकार आहे. काम नसलं की तो वीज वाचवायला झोपतो आणि झोप फार गाढ लागली तर उठतच नाही. उपाय असा की सुरू होतानाच त्याला एक सूचना द्यायची, म्हणजे तो गाढ झोपतच नाही, नुसती डुलकी काढतो. त्याने बॅटरी जास्त जाते, पण माणूस, म्हणजे प्रोसेसर, हाताशी राहतो. ही युक्ती ऐकून बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून दुपारच्या माझ्या झोपेला धोका आहे असं मला वाटलं, आणि तो खरा ठरला.

सभेच्या आदल्या रविवारी तो क्षण आला. लॅपटॉप सुरू होऊन शांत बसला तेव्हा त्याने जेमतेम दोनशे एमबी रॅम घेतली होती. बाकी सगळी मोकळी! मी तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात कायमचा दिसेल असा लावला आणि बघत बसलो. काही उघडलं असतं तर तो वाढला असता, म्हणून उघडलं नाही. भाच्याला फोटो पाठवला. त्याने उलट स्वतःचा आकडा पाठवला, तो कमी होता. मी घड्याळ काढून टाकलं. दोन एमबी उतरले. भिंतीवरचं चित्र काढलं. आवाजाचं बटण काढलं.

"झालं का? मला लाइट बिल भरायचंय," बायको म्हणाली आणि बसली. तिने ब्राउझर उघडला. ब्राउझर ही चीज कुठल्याही डिस्ट्रोत तेवढीच जाडी असते, हे हलकेपणाचे पुजारी शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात सांगतात. बिलाचं एक पान, शेजारी अळूवडीचा व्हिडिओ, तिसरीकडे वधूवर सूचक मंडळ, तेही आमच्या घरात कोणी लग्नाचं नसताना. कोपऱ्यातला आकडा एक हजारावर गेला, दीड हजारावर गेला, दोन हजाराला टेकला आणि तिथे सगळं थांबलं. अळूवडी तेलात सोडतानाच.

"अहो, हलत नाहीये."

"तू उघडलंस काय काय?"

"जे करायला लॅपटॉप असतो ते," ती म्हणाली आणि बिल मोबाइलवर भरून उठली.

सभा गच्चीवर होती. कोरम नव्हता म्हणून रिवाजाप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली आणि मग तेवढ्याच लोकांत पुन्हा भरली. विषय क्रमांक तीन, लेखापरीक्षित ताळेबंद सादर करणे. मी उभा राहिलो आणि हातातल्या कोऱ्या कागदाकडे पाहत २ जीबी रॅमच्या मर्यादा सांगायला सुरुवात केली. लोक चिडतील असं वाटत होतं. पण ३२ बिटच्या वॉचमनपाशी आलो तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आमच्याकडे पण एक पडलाय तसला." मग आणखी एक. मग प्रत्येकाच्याच घरी, माळ्यावर, गादीखाली, दुधाच्या हिशेबाच्या वहीशेजारी एकेक न बंद पडलेला लॅपटॉप निघाला. सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटरही त्यातलाच, हे सेक्रेटरींनी कबूल केलं.

तिसऱ्या मजल्यावरचे काका उठून डेबियनबद्दल बोलले. बी विंगच्या अभियंत्यांनी त्यांना स्वदेशीची आठवण करून दिली. दुसऱ्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी म्हणाली की दिसायला चांगलं काहीतरी घ्या, तेव्हा दोघांनी एकजुटीने तिला विरोध केला. पार्किंगचा विषय निघालाच नाही. लिफ्टच्या खर्चावर कोणी अवाक्षर काढलं नाही. एका गृहस्थांनी पपीची चौकशी केली आणि मी उत्तर देण्याआधी चेअरमन साहेब माझ्याकडे बघून सावकाश म्हणाले, "म्हणजे ते तुमच्याकडे होतं तर."

"हिशेबाचं काय?" तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं. त्यांना खाली बसवण्यात आलं.

अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळच्या विषयात ठराव आला: सोसायटीच्या कॉम्प्युटरसाठी हलकी कार्यप्रणाली निवडण्याकरता उपसमिती नेमावी, आणि तिचा अहवाल येईपर्यंत ताळेबंद प्रलंबित ठेवावा. सूचक ए विंग, अनुमोदक बी विंग. सर्वानुमते मंजूर. निमंत्रक मी. उपसमितीत सात जण आहेत आणि शर्यतीत आठ डिस्ट्रो, कारण भाच्याला विशेष निमंत्रित म्हणून बोलावलं आहे, आणि पहिल्या बैठकीला आल्या आल्या, जोडे काढतानाच, त्याने आपण काय वापरतो ते सगळ्यांना सांगितलं.